४२ दिवसांची नळी

रुग्णाच्या बेडक्यावरून क्षयरोगाचं निदान आता दोन तासांत होतं, हे मी ऐकून होते. पण एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी बोलता बोलता सांगितलं, की त्याच बेडक्याची एक नळी त्यांच्या प्रयोगशाळेत ४२ दिवस ठेवली जाते. दोन तासांत उत्तर हाती येत असेल, तर हे ४२ दिवस कशासाठी? तेवढ्याच प्रश्नासाठी मी तिथे गेले.

नमुने उतरवून घेतात त्या बाहेरच्या खोलीतच फिनॉलचा उग्र वास येतो. आतल्या खोलीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो. दार उघडलं तरी तिथली हवा बाहेर येऊ नये म्हणून. तिथे मला प्रवेश नव्हता. जे पाहिलं ते काचेतून.

बाहेर डब्या तपासणाऱ्या टेक्निशियनला सगळे ताई म्हणतात. ती प्रत्येक डबी उजेडाकडे धरून हलकेच तिरकी करते. घट्ट, पिवळसर, तार धरणारं काही दिसलं की नोंद करून पुढे. पाण्यासारखं पातळ दिसलं की हात थांबतो. "ही लाळ आहे, बेडका नाही," असं म्हणून तिने आरोग्य केंद्राला फोन लावला. "दादा, पेशंटला परत बोलवा. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन खोकायला सांगा. छातीतून आलं पाहिजे." हाच निरोप तिने माझ्यासमोर पुन्हा पुन्हा दिला, दर वेळी तितक्याच सावकाश. मला त्या खोलीतलं सर्वांत मोलाचं काम हेच वाटलं. डबीत जंतूच आले नाहीत, तर पुढचं कितीही महागडं यंत्र काय शोधणार?

दोन तासांत उत्तर देणाऱ्या यंत्राचं काम थोडक्यात सांगता येतं. बेडक्यात द्रावण घालून तो पातळ करायचा, कार्ट्रिजमध्ये ओतायचा, कार्ट्रिज जीनएक्स्पर्ट नावाच्या यंत्रात बसवायचं. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट याच तत्त्वावर चालतं. ते बॅटरीवर चालत असल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०२० मध्ये मान्यता दिली. दोन्ही यंत्रं जंतूच्या डीएनएचा नेमका तुकडा शोधून त्याच्या असंख्य प्रती काढतात. रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही, हे आरपीओबी नावाच्या जनुकावरून कळतं. या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्के जंतूंमधला बदल त्या जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांत सापडतो.

मग ४२ दिवस कशाला? "यंत्राला जंतू दिसतो, तो जिवंत आहे का ते दिसत नाही," ताई म्हणाली. औषधाने मेलेल्या जंतूचा डीएनएही बेडक्यात बराच काळ राहतो. त्यामुळे महिनोन्‌महिने गोळ्या घेतलेला माणूस बरा होतोय का, हे जंतू वाढवूनच पाहावं लागतं. आणि हा जंतू कमालीचा संथ. अनेक जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला जवळपास एक दिवस लागतो.

वाढवण्याची नळी बोटाएवढी. तिच्या तळाशी एक खास थर असतो. द्रावणात ऑक्सिजन आहे तोवर तो चमकत नाही. जंतू वाढून ऑक्सिजन संपवू लागले की अतिनील प्रकाशात तो उजळतो. नळ्या ३७ अंशांवर असतात आणि यंत्र ठरावीक वेळाने प्रत्येकीचा तळ वाचत राहतं. ४२ दिवस तळ अंधारा राहिला, तरच 'जंतू वाढले नाहीत' असं लिहून द्यायचं. एकेचाळिसाव्या दिवशी नाही. ताई हे सांगताना आवाज चढवत नाही, पण त्यात तडजोड नाही हे कळतं.

वाढलेल्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचण्याची सोय आता काही मोठ्या प्रयोगशाळांत आहे. तो ४४ लाख अक्षरांचा. पहिल्यांदा १९९८ मध्ये पूर्ण वाचला गेला. यंत्र तो सलग वाचत नाही. एकाच पोथीच्या शंभर प्रती फाडून तुकडे मिसळावेत आणि मूळ प्रत शेजारी ठेवून एकेक तुकडा जागेवर लावावा, तसं काम संगणक करतो. अक्षर कुठे बदललंय ते टिपतो आणि कोणत्या बदलामुळे कोणतं औषध लागू पडत नाही, याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीशी ताडून पाहतो. पण त्या यादीतल्या कित्येक बदलांपुढे 'अर्थ अनिश्चित' असाच शेरा आहे. बेडाक्विलीनसारख्या नव्या औषधाबाबत तर फारच. तिथे पुन्हा नळीत औषध घालून जंतू वाढतो का, ते बघण्याला पर्याय नाही.

नवं यंत्र आलं की त्याची बातमी होते, व्हायलाही हवी. पण डबी उजेडाकडे धरणारी ताई इतकी वर्षं कंत्राटावर आहे आणि तिचा करार दरवर्षी नव्याने होतो. हे मला अन्यायाचं वाटतं. तिची नजर कुठल्याच कार्ट्रिजमध्ये बसवून मिळत नाही. तिला कायम करायला हवं.

तुमच्या घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. डबीत लाळ देऊ नका, छातीतला बेडका द्या. आणि फॉर्मवर फोन नंबर नीट लिहा. ताईला तो लागतो.