प्रकाशाची भाषा

नागपुरात वर्धा मार्गाने जाताना सोनेगावजवळ तुम्ही विमाने उतरताना पाहिली असतील. विमानतळावर एक उंच मनोरा असतो. त्याला नियंत्रण मनोरा म्हणतात. तेथील अधिकारी रेडिओवरून वैमानिकाशी बोलतो आणि विमान उतरवण्याची परवानगी देतो. पण रेडिओच बंद पडला तर? विमानात प्रवासी आहेत, इंधन संपत चालले आहे. मग काय करायचे?

अशा वेळी दिवा बोलतो. मनोऱ्यातील एक खास दिवा नेमका त्या विमानाकडे रोखतात. स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे 'उतरा'. स्थिर लाल म्हणजे 'दुसऱ्या विमानाला वाट द्या, घिरट्या घालत राहा'. लाल दिव्याची उघडझाप म्हणजे 'येथे उतरणे धोक्याचे आहे'. वैमानिकही उत्तर देतो. दिवसा तो विमानाचे पंख डोलवतो. रात्री दिवे दोनदा लावून विझवतो. 'समजले' हाच त्याचा अर्थ!

जमिनीवरही खुणा मांडतात. लाल चौकोनावर पिवळी फुली असेल, तर उतरण्यास मनाई असते. वाऱ्याने फुगणारी कापडी पिशवी वाऱ्याची दिशा दाखवते.

दुसऱ्या महायुद्धात या भाषेचा मोठा उपयोग झाला. रेडिओवर बोलावे, तर शत्रू ऐकेल. म्हणून दिवे आणि पिस्तुलातून उडवलेले रंगीत बाण वापरत. इंग्लंडमध्ये थॉर्प ॲबट्स येथे त्या काळातील एक मनोरा जपून ठेवला आहे. आज तेथे संग्रहालय आहे.

आपल्या नागपूरचा इतिहासही कमी नाही. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. तेव्हा रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून टपालाची विमाने रात्री नागपूरला येत. येथे टपालाच्या पोत्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परत जात. देश झोपलेला असताना नागपूरचे विमानतळ जागे असे.

मित्रांनो, आज रडार आहे, संगणक आहेत. तरीही वैमानिकाला हे संकेत शिकावेच लागतात. वैमानिक कोणत्याही देशाचा असो, त्याची मातृभाषा कोणतीही असो, हिरव्या आणि लाल दिव्याचा अर्थ सर्वांसाठी एकच असतो. एकमेकांची भाषा समजली, की प्राण वाचतात.