गेमचा उस्ताद, सिनेमाचा शागिर्द

घरातील मुलांना आज व्हिडिओ गेमची ओळख करून द्यावी लागत नाही. दहा वर्षांचा मुलगा मारिओ आणि माइनक्राफ्टची नावे मामा-काकांच्या नावांइतक्याच सहजपणे घेतो. या गेमवर आता मोठे चित्रपटही आले आहेत आणि ते पाहायला नेण्याचा हट्ट अनेक घरांत होत असेल. हा हट्ट योग्य की अयोग्य, हा आमचा आजचा विषय नाही. लाखो लोक ज्या गेमवर जीव टाकतात, त्याचा चित्रपट बनवताना काय होते आणि ते काम पहिल्यांदाच दिग्दर्शन करणाऱ्या माणसाच्या हाती आले तर काय होते, हे आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत. त्यासाठी जपानच्या हिरोनोबु साकागुची यांची हकिकत पाहू या.

शेवटचा डाव

साकागुची यांचा जन्म 1962 चा. विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून ते 'स्क्वेअर' नावाच्या एका लहान कंपनीत गेम तयार करू लागले. सुरुवातीच्या गेमना फारसे यश मिळाले नाही. 1987 च्या डिसेंबरमध्ये त्यांचा 'फायनल फँटसी' हा गेम बाजारात आला. तो चालला नसता तर आपण विद्यापीठात परत जाणार होतो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. गेम चालला, आणि असा चालला की त्याचे भागामागून भाग निघाले. 1997 मध्ये आलेल्या सातव्या भागाने तर जपानबाहेरही धूम केली. पुढील काही वर्षांत त्याच्या प्रती 1 कोटीच्या घरात गेल्या.

या गेममध्ये केवळ मारामारी नव्हती. प्रत्येक भागात नवी दुनिया, नवी माणसे आणि लांबलचक कथा असे. एक भाग पूर्ण करायला 30-40 तास सहज लागत. तिसऱ्या भागाचे काम चालू असताना साकागुची यांच्या आईचे निधन झाले. तेव्हापासून मृत्यूनंतर माणसाचे काय होते, हा विचार त्यांचा पिच्छा सोडीना. सातव्या भागात तो विचार दिसला. पुढे त्यांनी चित्रपट करायला घेतला तेव्हा तर तोच विचार कथेचा कणा बनला. चित्रपटाच्या नायिकेला त्यांनी आपल्या आईचे नाव दिले : आकी.

होनोलुलूतील चार वर्षे

सातव्या भागाच्या यशानंतर कंपनीने साकागुची यांच्यावर मोठा विश्वास टाकला. हवाई बेटांवरील होनोलुलू शहरात 'स्क्वेअर पिक्चर्स' हा स्टुडिओ उभा राहिला. चित्रपटाचे नाव ठरले 'फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन'. दिग्दर्शक स्वतः साकागुची, सोबतीला सहदिग्दर्शक मोतोनोरी साकाकिबारा. साकागुची यांनी त्यापूर्वी एकही चित्रपट दिग्दर्शित केला नव्हता.

बेत धाडसी होता. संपूर्ण चित्रपट संगणकावर बनवायचा, पण कार्टूनसारखा नव्हे. माणसे हुबेहूब खरी वाटली पाहिजेत. चेहऱ्यावरील तीळ, त्वचेवरील सुरकुत्या, वाऱ्याने उडणारे केस, सारे काही. एकट्या आकीच्या डोक्यावर सुमारे 60,000 केस वेगवेगळे बनवले गेले. सुमारे 200 माणसे चार वर्षे या कामाला जुंपली होती. चित्रपटात एकूण 1,41,964 फ्रेम होत्या आणि एक फ्रेम तयार व्हायला संगणकाला सरासरी दीड तास लागे. हा हिशेब मांडून पाहा. हेच काम एकाच संगणकावर रात्रंदिवस चालवले असते, तर 24 वर्षे लागली असती. म्हणून स्टुडिओत 960 संगणक बसवले होते.

खर्च वाढत गेला आणि शेवटी 13 कोटी 70 लाख डॉलरच्या आसपास पोचला. पात्रांना आवाज देण्यासाठी मिंग-ना वेन, अ‍ॅलेक बाल्डविन, डोनाल्ड सदरलँड यांच्यासारखे नामवंत कलाकार घेतले.

पडदा उघडला

11 जुलै 2001 रोजी चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. चित्रे पाहून लोक थक्क झाले. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या नावाजलेल्या समीक्षकाने चारपैकी साडेतीन तारे दिले. पण तिकीट खिडकीवर गर्दी झाली नाही. जगभरातून मिळून सुमारे साडेआठ कोटी डॉलर जमले. त्यातही चित्रपटगृहांचा वाटा वजा व्हायचा होता.

असे का झाले? आम्हाला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण गेम खेळणाऱ्यांचे. नाव 'फायनल फँटसी' होते, पण त्यांच्या ओळखीचे त्यात जवळपास काहीच नव्हते. गेममध्ये जादू होती, तलवारी होत्या, चोकोबो नावाचे मोठे पिवळे पक्षी होते, नोबुओ उएमात्सु यांचे मनात रुजलेले संगीत होते. चित्रपटात मात्र 2065 सालचे उद्ध्वस्त न्यूयॉर्क, बंदुका घेतलेले सैनिक आणि परग्रहावरून आलेली भुते. संगीतकारही दुसरे, इलियट गोल्डेन्थाल. ओळखीची म्हणावी अशी एक खूण उरली होती : सिड हे नाव, जे जवळजवळ प्रत्येक गेममध्ये कुणा ना कुणाचे असते. ज्यांनी या गेमवर वर्षानुवर्षे प्रेम केले, त्यांना आपण परक्याच घरात आल्यासारखे वाटले.

दुसरे कारण गेम न खेळणाऱ्यांचे. पृथ्वीचा आत्मा, आठ जीवांचा शोध, मेलेल्या ग्रहाची भुते, हे सारे पावणेदोन तासांत त्यांच्या गळी उतरेना. गेममध्ये अशी गोष्ट चालते, कारण खेळणारा स्वतः त्या दुनियेत फिरतो, थांबतो, लोकांशी बोलतो आणि हळूहळू समजून घेतो. कंट्रोलर त्याच्या हातात असतो. चित्रपटात प्रेक्षकाच्या हातात काही नसते. त्याला पात्राचा लळा लावण्याची सारी जबाबदारी दिग्दर्शकावर येते. तीस-चाळीस तासांत लळा लावण्यात साकागुची उस्ताद होते. पावणेदोन तासांत लळा लावणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती ते पहिल्यांदाच आजमावत होते.

तिसरे कारण खुद्द त्या हुबेहूब चेहऱ्यांत होते. जपानचेच संशोधक मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्ये यंत्रमानवांविषयी लिहिताना एक गोष्ट मांडली होती. कृत्रिम चेहरा माणसासारखा होत जातो तसा तो आपल्याला आवडत जातो. पण तो अगदी जवळ पोचतो आणि थोडासाच कमी पडतो, तेव्हा मन एकदम दचकते. बाहुली आवडते, पण जिवंत वाटणारी बाहुली नकोशी होते. आकीचे केस खरे होते, डोळ्यांत मात्र जीव कमी पडत होता. 60,000 केसांनी ती उणीव भरून निघाली नाही.

एकाचा निर्णय, अनेकांचे घर

चित्रपट पडला की आपण दिग्दर्शकाचे नाव घेऊन मोकळे होतो. पण त्याच्या मागे किती घरे असतात, याचा विचार फारसा होत नाही. चित्रपटाच्या तोट्याने स्क्वेअर कंपनी हादरली. 2001 च्या ऑक्टोबरमध्ये सोनीने तिचे 18.6 टक्के भाग विकत घेतले, तेव्हा हातात पैसा आला. एनिक्स या कंपनीशी चाललेली विलीनीकरणाची बोलणी लांबली आणि अखेर एप्रिल 2003 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. होनोलुलूचा स्टुडिओ 2002 च्या सुरुवातीलाच बंद करण्याचा निर्णय झाला होता. चार वर्षे रात्रीचा दिवस करून जे शिकले, ते कारागीर दुसरे काम शोधू लागले. त्या चमूने बनवलेला 'फायनल फ्लाइट ऑफ द ओसायरिस' हा लघुपट 2003 मध्ये लोकांसमोर आला आणि वाखाणला गेला. म्हणजे कसब खोटे नव्हते.

आपल्याकडेही असे घडते. किराणा दुकान उत्तम चालवणारा भाऊ हॉटेल काढतो. दुकानातील नावावर लोक पैसे देतात, कारण माणूस प्रामाणिक आहे, मेहनती आहे. प्रामाणिकपणा आणि मेहनत दोन्ही खरी असते. पण हॉटेलचे काम वेगळे असते, आणि ते शिकण्याची फी त्याच्याबरोबर त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनाही भरावी लागते. दुसऱ्याचा पैसा ही अमानत असते. म्हणून नव्या कामाची सुरुवात छोटी असावी, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे भित्रेपणाचे नाही.

स्क्वेअर एनिक्सने 2005 मध्ये 'अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रन' हा दुसरा चित्रपट काढला, तो थेट डीव्हीडीवर. दिग्दर्शक तेत्सुया नोमुरा हेही गेमचेच माणूस होते. त्यांनी सातव्या भागातील लाडकी पात्रे घेतली आणि त्यांचीच पुढची गोष्ट सांगितली. गेम खेळणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. आपण कोणासाठी बनवत आहोत, हे या वेळी आधीच ठरले होते.

पुन्हा आपल्या हुनराकडे

साकागुची 2003 मध्ये कंपनीतून बाहेर पडले. अपयशानंतर काही काळ ते मागेच राहिले. 2004 मध्ये त्यांनी 'मिस्टवॉकर' ही लहान कंपनी काढली आणि पुन्हा गेम करू लागले. चित्रपटाच्या वाटेला मात्र ते परत गेले नाहीत. 2021 मध्ये त्यांचा 'फँटेझियन' हा गेम आला. त्यातील गावे, जंगले आणि घरे संगणकावर काढलेली नाहीत. कारागिरांनी हातांनी बनवलेल्या दीडशेहून अधिक छोट्या देखाव्यांची छायाचित्रे घेऊन ती दुनिया उभी केली आहे. एके काळी 960 संगणक लावून खरेपणा शोधणारा माणूस साठीच्या उंबरठ्यावर लाकूड, रंग आणि डिंकाकडे वळला.

बारावीनंतर अ‍ॅनिमेशन आणि गेम डिझाइनचे वर्ग शोधणारी मुले आज आपल्या घराघरांत आहेत. त्यांना थांबवू नये, असेच आम्ही म्हणू. सॉफ्टवेअर ते शिकतीलच. पण त्यांनी केलेले पहिले चित्र, पहिली छोटी फिल्म घरातल्यांनी बसून पाहावी आणि प्रामाणिकपणे सांगावे : गोष्ट कळली का, पात्र आवडले का, कुठे कंटाळा आला. दादी-नानीला ती कळली, तर मुलाला अर्धी विद्या आली असे समजावे. असा पहिला प्रेक्षक घरात फुकट मिळतो, आणि तिथे चूक झाली तर कोणाचे दुकान बंद पडत नाही.