पाण्याची माणशी वाटणी
१९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील अनेक शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर गेले. ही दैना पाहून अभियंते विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानचे सुमारे ४० एकर माळरान कसावयास घेतले आणि बांधबंदिस्ती करून, पावसाचे पाणी अडवून तेथे पीक उभे केले. ह्याच अनुभवातून पुढे ‘पाणी पंचायत’ निघाली.

तिचे मर्म वाटणीत आहे. पाणी जमिनीच्या नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे : माणशी अर्धा एकर भिजेल इतके, व कुटुंबास कमाल अडीच एकरांपुरते. भूमिहीनासही त्यात वाटा आहे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. उसास मनाई, कारण एक एकर उसाचे पाणी कित्येक एकर ज्वारीस पुरते. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनीच घालावयाचा.

मोठ्या खातेदारास हे नियम जाचक वाटतील, आणि ते तसे आहेतही. म्हणून सामुदायिक उपसा योजना आखताना ग्रामसेवकांनी पंप बसविण्यापूर्वीच कुटुंबवार माणसांची यादी करून वाटणी ग्रामसभेत ठरवून घ्यावी. पाटात पाणी खेळू लागल्यावर हा विषय काढणे फार अवघड जाते.