गाव बदलले की बिल का बदलते?

घरात कुणाला इस्पितळात न्यावयाची वेळ आली की एक सल्ला ठरलेला असतो : "तिकडे नेऊ नका, फार महाग आहे; त्यापेक्षा अमक्या गावी न्या." आपण समजतो, मोठ्या गावात जागा महाग, माणसे महाग, म्हणून बिलही मोठे. हे काही अंशी खरे आहे. पण अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या दोन गावांची हकिगत ऐकलीत, तर हा हिशेब किती अपुरा आहे हे ध्यानात येईल.

मॅकॲलन आणि एल पासो ही ती गावे. दोन्ही मेक्सिकोच्या सरहद्दीवर. वस्ती सारखी, गरिबीही सारखीच. मुख्यतः 65 वर्षांवरील लोकांच्या उपचारांचा खर्च तेथे 'मेडिकेअर' ही सरकारी विमा योजना देते. उपचारांचे दर सरकारच ठरवते, ते गावागणिक फारसे हलत नाहीत. तरीही 2006 साली एल पासोत माणशी सुमारे साडेसात हजार डॉलर खर्च झाले, तर मॅकॲलनमध्ये पंधरा हजार!

बोस्टनचे शल्यविशारद अतुल गावंडे (त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे) यांनी तेथे जाऊन शोध घेतला आणि 2009 साली तो प्रसिद्ध केला. फरक दरांत नव्हता, संख्येत होता. मॅकॲलनमध्ये तपासण्या अधिक, शस्त्रक्रिया अधिक, डॉक्टरांकडच्या खेपाही अधिक. एवढे करून रोग्यांचे भले झाले म्हणावे, तर दर्जाच्या 25 सरकारी कसोट्यांपैकी दोन सोडून बाकी सर्वांत तिथली मोठी इस्पितळे सरासरीने मागेच!

मग डॉक्टर लबाड होते काय? सरसकट तसे म्हणणे अन्यायाचे होईल. दर कामामागे पैसे मिळतात आणि शेजारचा डॉक्टर करतो तेच शास्त्र वाटू लागते. 1973 साली जॉन वेनबर्ग यांनी व्हर्माँट राज्याची पाहणी प्रसिद्ध केली. टॉन्सिल काढण्याचे प्रमाण एका भागात दहा हजार वस्तीमागे 13, तर दुसऱ्यात 151! मुलांचे घसे काही इतके निराळे नसतात. हे आकडे डॉक्टरांपुढे ठेवल्यावर मात्र तेथे प्रमाण उतरले.

मॅकॲलनमध्येही उतार पडला. 2010 च्या नव्या कायद्याने, रोग्याची नीट काळजी घेऊन खर्च वाचवणाऱ्या डॉक्टरांच्या गटांना बचतीत वाटा मिळू लागला. लबाडीच्या चौकश्याही झाल्या. 2015 साली गावंडे यांनी पुन्हा हिशेब पाहिला, तेव्हा माणशी खर्च जवळजवळ तीन हजार डॉलरांनी घटला होता.

आता आपले घर पाहू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी रुग्णालयांतली शंभरातील 47 बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली. सरकारी रुग्णालयांत 14. तेलंगणात एकंदर प्रमाण 61 च्या घरात, नागालँडात अवघे 5. (तिथे गरज असूनही शस्त्रक्रिया मिळत नसेल, हीही काळजीचीच गोष्ट.) 2017 साली सरकारने हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधून दिली, ते चांगलेच झाले. पण स्टेंट किती जणांना बसवले जातात, याला किंमत बांधून लगाम बसत नाही. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनी खाजगी रुग्णालयांना दरपत्रक लावणे भाग पडले. त्याच भिंतीवर, गेल्या वर्षी शंभरातील किती बाळंतपणे सिझेरियनने झाली, हेही लिहावयास लावले तर सूनबाईंना तिथे नाव घालण्याआधी सासूबाई ते नक्की वाचतील.