फुकटच्या ड्रायव्हरची परीक्षा

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला लागलं की ओरत्तनाडू येतं. रामेश्वरच्या यात्रामार्गावरच्या या गावात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ साली ‘मुक्तांबाळ छत्र’ ही धर्मशाळा बांधली. वाटसरूंना जेवण, मुलांना विद्या, आणि त्यासाठी कुणाला पैसा मोजावा लागत नसे. तंजावरच्या छत्रांना जमिनींचं उत्पन्न लावून दिलेलं असे. १८०१ साली इंग्रज रेसिडेंट टोरिनला लिहिलेल्या पत्रात राजांनी छत्रांतल्या अन्नदानापासून औषधोपचारापर्यंतची कामं तपशिलाने मांडली आहेत. मोफत सेवेमागे कुणाचा तरी खर्च असतो, हे तंजावरच्या दरबाराला पक्कं ठाऊक होतं.

दोनशे वर्षांनी याच प्रदेशात दुसऱ्या एका मोफत गोष्टीचा शिरकाव झाला. सप्टेंबर २०११पासून तमिळनाडू सरकारने सरकारी शाळा-कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले. सुरुवातीच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली होती. लिनक्सवर त्रिमितीय चित्र उमटवण्याचं काम बहुतेक वेळा ‘मेसा’ नावाचा मुक्त ड्रायव्हर-संच करतो. ब्रायन पॉल यांनी १९९३ साली तो हौसेने लिहायला घेतला आणि फेब्रुवारी १९९५मध्ये प्रसिद्ध केला. मेसा ज्या ओपनजीएल पद्धतीबरहुकूम चित्र उमटवतो, ती मूळ सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची. त्यामुळे आपल्याकडे परवाना नाही, हा ओपनजीएलचा पर्याय असल्याचा दावाही नाही, असं मेसाच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षं छापलेलं असे. काम चोख, पण नाव लावायची सोय नाही!

आज ओपनजीएल आणि २०१६ साली आलेली तशीच नवी पद्धत व्हल्कन, दोन्हींची सूत्रं ‘क्रोनॉस ग्रुप’ या कंपन्यांच्या संघटनेकडे आहेत. तपशीलवार नियम कुणीही वाचावेत, त्याबरहुकूम ड्रायव्हर लिहावा, त्याला रॉयल्टी नाही. मात्र व्हल्कनचं नाव आणि चिन्ह अधिकृतपणे मिरवायचं, पेटंटबाबतचं संरक्षण मिळवायचं, तर ‘अडॉप्टर’ व्हायचं, चाचण्या चालवून निकाल पाठवायचे. मग इतर सभासद तीस दिवस त्यांची छाननी करतात. अडॉप्टरचं शुल्क हजारो डॉलरांच्या घरात. चिप बनवणाऱ्या कंपनीला ते किरकोळ, रात्री जागून कोड लिहिणाऱ्या स्वयंसेवकाला अशक्य. यातून वाट निघाली ती एक्स-डॉट-ऑर्ग फाउंडेशनमुळे. ही विनानफा संस्था मुक्त ड्रायव्हरांसाठी अडॉप्टर झाली आणि क्रोनॉसने तिला शुल्क माफ केलं.

शुल्कमाफीचं कौतुक व्हायलाच हवं, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रश्नपत्रिकाच उघडी झाली. ओपनजीएलच्या अधिकृत चाचण्या पूर्वी सभासद आणि अडॉप्टर यांच्यापुरत्याच होत्या. मेसाची मंडळी ‘पिग्लिट’ हा स्वतःचा चाचणीसंच बाळगून होती. फिनलंडच्या ड्रॉएलिमेंट्स कंपनीचा चाचणीसंच गूगलने २०१४मध्ये कंपनीसकट घेतला आणि खुला केला. त्याच पायावर व्हल्कनच्या चाचण्या उभ्या राहिल्या. जानेवारी २०१७मध्ये ओपनजीएलच्याही खुल्या झाल्या. आता ओरत्तनाडूतला एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थीही त्या उतरवून आपल्या मशीनवर चालवू शकतो. त्यासाठी पैसा लागत नाही, चिकाटी मात्र भरपूर लागते.

कारण या चाचण्या फार खोलात शिरतात. ओपनजीएल ४.६साठी लाखाहून अधिक चाचण्या पार कराव्या लागतात. त्यातल्या ‘रोबस्टनेस’चंच उदाहरण पाहावं. प्रोग्रामने शंभर बिंदूंची यादी दिली आणि चुकून एकशेपाचवा बिंदू मागितला, तर काय करायचं? चिपने बेधडक पुढची मेमरी वाचली तर भलताच डेटा हाती येईल, नाहीतर सगळंच कोसळेल. ॲपलच्या एम१ चिपसाठी अलिसा रोझेनझ्वाइग यांनी मुक्त ड्रायव्हर लिहिला तेव्हा हा पहारा सॉफ्टवेअरलाच द्यावा लागला. मागितलेला क्रमांक आणि यादीतला शेवटचा क्रमांक, यांतला जो लहान तोच वाचायचा, अशी सूचना ड्रायव्हरचा कंपायलर प्रत्येक वाचनाआधी घालतो. दिसायला एवढीशी तुलना, पण ती लाखो बिंदूंसाठी होते, म्हणून तिचा वेगावर भार पडू नये यासाठीही डोकं चालवावं लागतं. ऑगस्ट २०२३मध्ये या ड्रायव्हरला ओपनजीएल ईएस ३.१चा आणि फेब्रुवारी २०२४मध्ये ओपनजीएल ४.६चा कन्फॉर्मन्स, म्हणजे नियमांबरहुकूम असल्याचा अधिकृत शिक्का, मिळाला. खुद्द निर्मात्याचा ओपनजीएल ड्रायव्हर मात्र ४.१वरच थांबलेला आणि तोही कन्फॉर्मन्सशिवाय. बिनपगारी उत्साहातून उगवलेलं काम निर्मात्याच्या पुढे जावं, यासारखा आनंद तंत्रज्ञानाच्या जगात क्वचितच मिळतो.

मात्र सगळंच स्वयंसेवेवर भागत नाही. रास्पबेरी पाय ४च्या व्हल्कन ड्रायव्हरला नोव्हेंबर २०२०मध्ये कन्फॉर्मन्स मिळाला, तो स्पेनच्या इगालिया या कंपनीतल्या पगारी अभियंत्यांच्या कामातून. शिवाय मेसाला एकगठ्ठा प्रमाणपत्र मिळत नाही. प्रत्येक ड्रायव्हरच्या चमूला आपापल्या चिपवर, विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिमवर चाचण्या चालवून निकाल धाडावे लागतात. त्यासाठी ती चिप टेबलावर हवी, मशीन तासन्‌तास चालू ठेवायला वीज हवी आणि एखादी चाचणी नापास झालीच तर तिचं मूळ शोधायला जाणकार माणूस हवा. माफ झालेल्या शुल्कात हा खर्च धरलेला नाही. तो आजही कुठे एखादी कंपनी उचलते, कुठे देणगीदार, तर कुठे ड्रायव्हर लिहिणारा स्वतःच.