घास घशाखाली उतरत नाही तेव्हा

सहावा महिना सरला की घरोघरी बाळाचे उष्टावण होते. मामाने किंवा आजोबांनी खिरीचे पहिले बोट बाळाच्या जिभेवर ठेवले की आता बाळ जेवू लागेल, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. बहुतेक बालकांच्या बाबतीत ते खरेही ठरते. परंतु काही बालकांना दूध ओढणे, घास तोंडात फिरविणे आणि तो गिळणे ही साधी वाटणारी कामेच जड जातात. अशा बालकाचे वजन वाढत नाही, त्याला वारंवार खोकला व ताप येतो. घरात मात्र 'मूल हट्टी आहे', 'आईला दूध कमी आहे' किंवा 'दृष्ट लागली' असे म्हटले जाते. अंगणवाडीच्या नोंदवहीत त्याचे नाव कमी वजनाच्या यादीत जाते व त्याला अधिक आहार सुचविला जातो. अडचण गिळण्याची आहे हे लक्षात आले नाही, तर हा वाढीव आहार उपयोगी पडत नाही. प्रसंगी तो अपायकारकही ठरतो. म्हणून वजन न वाढणाऱ्या बालकाविषयी 'ते काय खाते?' या प्रश्नाबरोबरच 'ते कसे खाते?' हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

गिळण्याची क्रिया

घशात अन्नाचा आणि हवेचा मार्ग काही अंतरापर्यंत एकच असतो. घास गिळताना क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रिया एका तालात कराव्या लागतात. गर्भावस्थेच्या सुमारे ३४ व्या आठवड्यापर्यंत हा ताल पुरता बसलेला नसतो. त्यामुळे अकाली जन्मलेली बालके पिताना लवकर थकतात, कधी निळी पडतात. ताल चुकून दूध श्वासनलिकेकडे गेले की एरवी ठसका लागतो. परंतु काही बालकांना, विशेषतः मेंदूला इजा झालेल्या बालकांना, ठसकाही लागत नाही. अन्नकण निमूटपणे फुप्फुसात उतरतात आणि पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो.

अडचणीची कारणे

अकाली जन्माखेरीज आणखी दोन कारणे वरचेवर आढळतात. पहिले कारण दुभंगलेली टाळू हे होय. या बालकाच्या तोंडात दूध ओढण्यासाठी लागणारा दाब निर्माण होत नाही व दूध नाकावाटे बाहेर येते. दोष केवळ ओठाचा असेल तर बाळ बहुधा अंगावर पिऊ शकते. टाळू दुभंगलेली असल्यास आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने, बाळाला उभट धरून, थोडे थोडे पाजावे व मध्ये ढेकर काढावी. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे ३ ते ६ महिन्यांच्या, तर टाळूची ९ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. तोवर बाळाचे वजन नीट वाढावे लागते. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले म्हणून बाळाचा ओठ फाटला, हा समज निराधार आहे.

दुसरे कारण सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरील ताबा कमी होणे. अशा बालकाची मान स्थिर राहत नाही, जीभ घास बाहेर ढकलते, जबडा एकाएकी आवळला जातो. याशिवाय डाऊन सिंड्रोम व जन्मजात हृदयविकार असलेल्या बालकांनाही पिण्यास त्रास होऊ शकतो.

पुढील लक्षणे दिसल्यास बालकास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे : पिताना वा खाताना नेहमी ठसका लागणे किंवा दम लागणे, ओठ निळे पडणे, दूध नाकातून येणे, खाल्ल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणे, प्रत्येक जेवणास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, वारंवार न्यूमोनिया होणे, वजन न वाढणे.

भरविण्याची रीत

बाळाला पायांवर आडवे घेऊन, प्रसंगी नाक दाबून, बोंडल्याने दूध वा औषध पाजण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत होती. काही ठिकाणी ती आजही आढळते. 'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण व्यवहारात कितीही उपयोगी असो, बाळाच्या बाबतीत ती घातक आहे. नाक बंद झालेले मूल तोंडाने श्वास घेते आणि त्या श्वासाबरोबर दूध फुप्फुसात जाते. यात दोष बोंडल्याचा नाही, पाजण्याच्या रीतीचा आहे.

मोठ्या बालकाला भरविताना ते ताठ बसलेले असावे. मान मागे कललेली नसावी. हनुवटी किंचित खाली असावी. पाठीला व पावलांना आधार असावा. भरविणाऱ्याने समोर, बालकाच्या नजरेच्या पातळीवर बसावे. लहान, उथळ चमचा जिभेवर ठेवून ओठ मिटण्याची वाट पाहावी आणि पहिला घास गिळल्याची खात्री करूनच दुसरा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास बालकास आडवे करू नये.

अन्नाचा दाटपणाही महत्त्वाचा आहे. पातळ पदार्थ घशातून वेगाने वाहतो, त्यामुळे अनेक बालकांना पाण्यापेक्षा नाचणीची दाटसर पेज किंवा घोटलेली मऊ खिचडी सोपी जाते. पातळ आमटीत तरंगणारी भाताची शिते मात्र अवघड असतात, कारण तोंडाला एकाच वेळी पातळ व घन असे दोन्ही पदार्थ सांभाळावे लागतात. तान्ह्या बाळाचे दूध मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय कधीही दाट करू नये.

उपलब्ध सेवा व आपले कर्तव्य

आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांत नवजात बाळाच्या घरी ठरावीक भेटी देते. या भेटींत बाळ पिताना प्रत्यक्ष पाहिले, तर अडचण पहिल्याच आठवड्यात उघड होऊ शकते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतील बालकांची तपासणी करतात. दुभंगलेले ओठ व टाळू यांवरील उपचार या कार्यक्रमात मोफत होतात. गिळण्याच्या अडचणीवर वाचा-उपचारतज्ज्ञ मार्गदर्शन करतात, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. बोलणे आणि गिळणे या दोहोंसाठी पुष्कळसे तेच स्नायू लागतात, म्हणून हे काम त्यांच्याकडे येते.

शिक्षकांनी शालेय पोषण आहाराच्या वेळी अशा विद्यार्थ्यास सावकाश जेवू द्यावे, खिचडी मऊ करून द्यावी आणि त्याची चेष्टा होऊ देऊ नये. पंचायत सदस्यांनाही बरेच करता येईल. पाठ, हात व पावलांना आधार देणारी लहान खुर्ची गावचा सुतार तज्ज्ञाने दिलेल्या मापानुसार करू शकतो. दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या निधीतून असा खर्च करता येईल का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून पाहावे. जिल्हा रुग्णालयापर्यंत जाण्यास वाहन नाही म्हणून एखादे बालक घरीच राहत असेल, तर त्या वाहनाची सोय हेही पंचायतीचेच काम मानावे.

या महिन्याच्या सभेत कमी वजनाच्या बालकांची यादी वाचली जाईल, तेव्हा त्यातील प्रत्येक नावापुढे एक नोंद अवश्य असावी : हे बालक जेवताना कोणी पाहिले आहे काय?