शब्द बरोबर, सूर परका

लग्नाच्या पंगतीत वाढपी बादली घेऊन येतो आणि म्हणतो, ‘वरण, वरण.’ आवाज शेवटी वर चढत नाही, प्रश्नचिन्ह लावावं असं त्यात काही नसतं. तरी ‘वरण आहे हे मलाही दिसतंय’ असं कुणी त्याला सुनावत नाही. पानावर आडवा हात धरला की नको, नाही धरला की हवं. एका शब्दात विचारून होतं, हाताच्या खुणेने उत्तर मिळतं आणि वाढपी पुढच्या पानाकडे सरकतो.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर १९७०च्या दशकात अशाच एका शब्दावरून मनं कलुषित झाली होती. कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने वाढायच्या कामावर लागल्या होत्या. विमानांतला माल चढवणारे-उतरवणारे कामगार तिथे जेवायला यायचे. या बायका तुसड्या आहेत, कुणाला नीट विचारत नाहीत, असं त्या कामगारांचं म्हणणं होतं आणि सुपरवायझरचंही. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंमध्ये बोलणं जवळजवळ होतच नव्हतं. ज्याने मांस घेतलं त्याला वरून ग्रेव्ही हवी का, एवढंच विचारायचं. इंग्रज बाई म्हणे ‘ग्रेव्ही?’ आणि शेवट वर उचले. आपल्याकडची बाई म्हणे ‘ग्रेव्ही.’ तिचा शेवट खाली उतरे, थेट पंगतीतल्या वाढप्यासारखा.

जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञाने हे प्रसंग ध्वनिमुद्रित केले, दोन्ही बाजूंना ऐकवले आणि विचारलं, इथे काय म्हटलं गेलं ते तुमच्या शब्दांत सांगा. बायकांना आधी फरकच कळेना. शब्द एकच तर आहे! पण इंग्रजीच्या शिक्षिकेला आणि सुपरवायझरला तो चटकन सांगता आला. उतरत्या सुरातली ‘ग्रेव्ही’ त्यांच्या कानाला विचारणा वाटत नव्हती. ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असं ते विधान वाटत होतं, आणि म्हणून उद्धट. हे समजल्यावर इतके दिवस लोक आपल्याकडे असं का बघतात, याचा उलगडा बायकांना झाला. इंग्रजांच्या बोलण्यातले आपल्याला विचित्र वाटलेले सूरही मग त्या आठवून सांगू लागल्या. सुपरवायझरच्याही लक्षात आलं, की अशा जागी विचारायची यांची नेहमीची रीतच ही आहे, त्यात अवमान नाही.

परक्या भाषेतले शब्द माणूस पाठ करतो, व्याकरण घोटतो. सूर मात्र आईच्या भाषेतून जसाच्या तसा येतो आणि तो आणल्याची त्याला खबरही नसते. ऐकणाराही असा, की चुकीच्या शब्दाला ‘भाषा येत नाही’ म्हणून माफ करील, पण सूर चुकला की ‘माणूस वाईट’ म्हणेल. ‘चहा हवा आहे का’ ऐवजी ‘चहा हवी आहे का’ म्हणणाऱ्या परप्रांतीयाला आपण हसून सोडून देतो. त्याच माणसाचा स्वर जरा चढा लागला, तर त्याला मग्रूर ठरवायला आपल्याला वेळ लागत नाही.

गंपर्झचा स्वतःचा जन्म १९२२चा, जर्मनीतल्या हाटिंगेन गावचा. घर ज्यू. नाझी राजवटीत देश सोडून तो अमेरिकेला पोहोचला आणि तिथे रसायनशास्त्र शिकला. मग अचानक भाषेकडे वळला, आणि १९५४ साली मिशिगनमध्ये डॉक्टरेट घेतली ती कशावर? तिथे स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या बोलीवर! ज्या मुलखाने हाकललं, त्याचीच बोली परक्या मातीत कशी टिकली ते हा माणूस तपासत बसला. नंतर तो भारतात आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५५-५६च्या सुमारास भाषाशास्त्राचे जे वर्ग भरले, त्यांत तोही होता.

उत्तर भारतातल्या खालापूरचा (आपल्या रायगडातलं नव्हे, सहारनपूर जिल्ह्यातलं) त्याचा अभ्यास १९५८ साली छापून आला. गावातल्या जातीजातींच्या बोलीत फरक का राहतो, हा त्याचा प्रश्न. सफाईचं काम करणारी माणसं रोज राजपुतांच्या दारात जात. इतका संपर्क असूनही त्यांची बोली वेगळीच राहिली होती. गंपर्झच्या लक्षात आलं, की कामापुरत्या संपर्काने बोली जवळ येत नाहीत. जिथे मोकळ्या गप्पा होतात, बरोबरीने उठणंबसणं असतं, तिथेच त्या येतात. भाषेचा अभ्यास म्हणून सुरू झालेलं काम असं गावाच्या वेशीच्या आतल्या भिंतींपर्यंत गेलं.

पण मराठी वाचकाला जास्त जवळचं त्याचं काम सांगली जिल्ह्यातलं आहे. रॉबर्ट विल्सन या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला तो निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. भाषासंपर्कावरचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, या गावाचा उल्लेख बहुधा सापडेलच. गाव कुपवाड. इंग्रजीत त्यांनी ते ‘कुपवार’ असं लिहिलं, बहुधा आपला ‘ड’ परदेशी कानाला ‘र’च्या जवळचा लागतो म्हणून. पुढे सगळ्या जगाने तसंच लिहिलं.

तेव्हा कुपवाडची वस्ती तीनेक हजार. जैन जमीनदार आणि लिंगायत घरी कानडी बोलत. मुसलमानांच्या घरी उर्दू. दलित आणि शेतमजूर मराठी. दोर वळणाऱ्या थोड्या घरांत तेलुगू. हे काही परवाचं नव्हतं, शतकानुशतकं असंच चाललं होतं. बहुतेक पुरुषांना दोन-तीन भाषा येत. एवढ्या काळात एक भाषा बाकीच्यांना गिळून बसायला हवी होती. तसं झालं नव्हतं. का, तर घरची भाषा घरात हा रिवाज पक्का होता. कानडी बोलणारा जमीनमालक मराठी गड्याशी मराठीतच बोले. त्याच्याशी कानडी बोलणं म्हणजे त्याला जणू माजघरात घेणं. मराठी ही गावातल्या वजनदार घरांपैकी कुणाचीच घरची भाषा नव्हती, म्हणून ती चव्हाट्यावर सगळ्यांना चालत होती. सर्वांना परवडली म्हणून मराठी व्यवहाराची भाषा झाली, यात अभिमान बाळगण्यासारखं किती आणि विचार करण्यासारखं किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मात्र भिंत वरवरची होती, जमिनीखालून पाणी झिरपतच होतं. गंपर्झ आणि विल्सन यांना दिसलं, की शब्द वेगळे ठेवून या भाषांनी वाक्याचा सांगाडा जवळजवळ एकच करून टाकला आहे. पाला कापून आणल्याचं एक साधं वाक्य त्यांनी दिलं आहे. मराठी माणूस म्हणतो, ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ उर्दूवाला म्हणतो, ‘पाला जरा काट के ले के आया.’ कानडीतही तोच क्रम, तेवढेच तुकडे. फक्त बहुतेक तुकड्यांच्या जागी कानडी शब्द. एकाच साच्यातून तीन रंगांच्या विटा पाडाव्यात, तसं.

बारकावे आणखी मजेदार आहेत. आपण मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत फरक करतो. ‘आम्ही जेवून घेतो’ म्हटलं की समोरचा उपाशी, ‘आपण जेवून घेऊ’ म्हटलं की त्याचंही पान मांडलेलं. प्रमाण उर्दूत हा भेद नाही. तिथे ‘हम’ दोन्हींकडे चालतो. कुपवाडच्या उर्दूने तो घेतला. प्रमाण उर्दूत प्रश्नाचं ‘क्या’ वाक्याच्या तोंडाशी येतं. कुपवाडात ते मराठी ‘का’सारखं शेवटाला गेलं. उर्दूतला ‘ने’ गळाला आणि क्रियापद कर्माऐवजी कर्त्याच्या मागे चालू लागलं. कानडीला ‘हे घर तुझं’ एवढं म्हणून थांबता येतं, तिथल्या कानडीने मात्र शेवटी ‘आहे’ लावायची सवय उचलली. आणि मराठी? आपण ज्याच्यासाठी परक्यांची परीक्षा घेतो ते लिंगच तिने सैल केलं: कानडीच्या रीतीप्रमाणे पुरुष तेवढा पुल्लिंगी, बाई तेवढी स्त्रीलिंगी, बाकी सगळी वस्तुसृष्टी नपुंसक. प्रमाण मराठीच्या मास्तरांना घाम फुटावा असा हा प्रकार. सर्वांत जास्त बदलली ती उर्दू. पण प्रत्येक भाषेने काही ना काही सोडलं.

म्हणजे माणसं शब्दांवर पहारा ठेवतात, कारण आपण कोण हे शब्दांवरून ओळखलं जातं. वाक्याच्या घडणीवर पहारा नसतो, तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. विमानतळावरच्या बायकांनी याच्या उलटं केलं होतं. शब्द इंग्रजांचा घेतला आणि सूर घरचा राहू दिला, कारण त्यावरही त्यांचा पहारा नव्हता. कुपवाडच्या चावडीवर या झिरपण्याचा कुणाला त्रास झाला नाही. विमानतळावर झाला. तो का, याकडे पुन्हा येतो.

त्याआधी गंपर्झनेच सांगितलेली एक शाळा. अमेरिकेतल्या एका वर्गात शिक्षिकेने काळ्या मुलाला फळ्यावरचा शब्द विचारला. तो म्हणाला, ‘मला येत नाही.’ शिक्षिकेने ‘प्रयत्न करायचा नसेल तर दुसरा करील’ असं म्हणून पुढच्या मुलाला विचारलं. त्याने ‘हा पी आहे की बी?’ असं विचारलं, शिक्षिकेने प्रेमाने ‘पी’ सांगितलं आणि त्याने शब्द वाचला. पहिल्या मुलाचं वाक्य चढत्या सुरात होतं. त्याच्यासारख्या घरांतल्या मुलांना त्याचा अर्थ बरोबर कळत होता: थोडा धीर द्या, मी वाचतो. शिक्षिकेला ऐकू आला नकार. दोन्ही मुलं मदतच मागत होती. एकाची मागणी तिला ओळखू आली, दुसऱ्याची आली नाही. असं वर्षभर रोज घडलं, तर वर्षाअखेरीस प्रगतिपुस्तकात काय लिहिलं जाईल, हे सांगायला संशोधक नको.

अशा खुणांना, म्हणजे सूर, विराम, कुठल्या शब्दावर जोर, कुठे भाषा बदलली, यांना गंपर्झने संदर्भखुणा म्हटलं. नॉर्वेतल्या एका गावात त्याने आणि यान-पेटर ब्लूमने असंच पाहिलं: सरकारी कचेरीत आलेला गावकरी कारकुनाची घरची ख्यालीखुशाली बोलीत विचारतो आणि कामाचं निघालं की प्रमाण भाषेवर येतो. आपल्याकडे तलाठ्यासमोर ‘काय आण्णा, पाऊसपाणी?’वरून ‘सदर अर्जदार’वर येतात तसंच. भाषा बदलली की नातं बदलतं, आणि ते दोघांनाही कळतं.

कळत नाही तेव्हा काय करायचं? ब्रिटनमध्ये टॉम जप आणि सीलिया रॉबर्ट्स ही मंडळी कारखान्यांतल्या स्थलांतरित कामगारांना कामापुरतं इंग्रजी शिकवत होती. त्यांच्या सोबतीने गंपर्झने बीबीसीसाठी ‘क्रॉसटॉक’ नावाचा कार्यक्रम केला, १९७९ साली. मुलाखतीत, बँकेच्या खिडकीवर एकमेकांचा सूर कसा चुकीचा ऐकला जातो, हे त्यात दाखवलं होतं.

यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. राजेंद्र सिंह, जयंत लेले आणि गीता मार्टोहार्जोनो या तिघांनी १९८८ साली लिहिलेल्या निबंधात मूळ मुद्द्याला हात घातला. यांतले लेले म्हणजे महाराष्ट्रातल्या सत्ताकारणाचे जाणकार अभ्यासक. सत्ता कुठे लपते हे त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हतंच. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा: गैरसमज दोघांत होतो, मग जुळवून घेण्याचं ओझं एकट्या स्थलांतरितावर का? नोकरी देणाऱ्याच्या मनात आधीच अढी असेल, तर सूर सुधारून काय होणार?

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, पण सारख्या वजनाच्या नाहीत. गंपर्झचा कान तीक्ष्ण होता. कँटीनमध्ये त्याने सुपरवायझरलाही शिकवलं, हे विसरून चालणार नाही. पण कोणाचा सूर चूक ठरतो, हे कान ठरवत नाही. पंगतीत वाढप्याचं ‘वरण’ खपतं, कारण तिथे सगळे एकाच रीतीत वाढलेले असतात. कँटीनमध्ये खपलं नाही, कारण बायका नव्या होत्या, सावळ्या होत्या आणि वाढणाऱ्या होत्या. साहेबाने उतरत्या सुरात ‘ग्रेव्ही’ म्हटलं असतं, तर त्याला कुणी तुसडा म्हटलं नसतं. फार तर मितभाषी म्हटलं असतं. वर्गातलंही तेच. परीक्षा घेणारीच्या कानाला जे ओळखीचं, ते उत्तर.

कुपवाडचं पुढे काय झालं, हेही पाहायला हवं. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चार दशकांनंतर त्या गावाचा अभ्यास पुन्हा केला आणि २०१६ साली तो प्रसिद्ध केला. शब्दाला शब्द ठेवला की एका भाषेचं वाक्य दुसरीत तयार, हे सूत्र त्यांनी कसून तपासलं. ते तितकं सरसकट लागू पडत नाही, असं त्यांना दिसलं. मधल्या काळात गावही ते राहिलेलं नव्हतं. भाषावार राज्यं तर आधीच झाली होती, शाळा आणि कचेऱ्या मराठीत आल्या होत्या. पूर्वी मराठी वजनदार घरांपैकी कुणाचीच नसल्याने सगळ्यांना चालत होती. आता तिच्यामागे राज्य उभं होतं.

कुपवाडात पुढे औद्योगिक वसाहत झाली आणि १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका स्थापन झाली. जगभरच्या विद्यापीठांतल्या पुस्तकांत मात्र ते अजून तीन हजार वस्तीचं खेडंच आहे, आणि त्याचं नाव ‘कुपवार’ आहे.